बारीक अक्षरही त्याच आवाजात

गोजाबाई ओव्हाळ लग्न होऊन पिंपरीला आली ती १९६२च्या उन्हाळ्यात. तिचे माहेर चाकणजवळच्या एका खेड्यात. नवरा भिवा नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर कामाला होता आणि खराळवाडीच्या चाळीत त्याला एक खोली मिळाली होती. भोंग्याच्या तालावर उठणारे आणि निजणारे ते गाव पाहून नवी माणसे बावचळून जात. गोजाबाईला मात्र भोंग्याचे किंवा आभाळात धूर सोडणाऱ्या धुराड्यांचे फारसे नवल वाटले नाही. तिला नवल वाटले ते एका बिस्किटाच्या पुड्याचे.

भिवाने तो पगाराच्या दिवशी आणला होता. मेणकागदात गुंडाळलेला, दोन्ही टोकांना घड्या घालून चिकटवलेला. गोजाबाईने तो फोडला नाही. उलटसुलट करून पाहिला, कानाशी नेऊन हलवला.

"कुनी केलं ह्ये?"

"मशीननं."

"पर हात कुनाचा?"

"हात कशाला लागतोय? पीठ एकीकडनं जातंय, बिस्कीट दुसरीकडनं येतंय. खा की आता. त्याला काय जातीचा दाखला मागतीस व्हय?"

भिवा थट्टेने बोलला आणि हसून अंघोळीला गेला. गोजाबाई मात्र पुडा मांडीवर घेऊन बसून राहिली. तिच्या गावात अन्नाची पहिली ओळख चवीने होत नसे, हाताने होई. कोणाच्या हातचे कोणी खायचे, कोणाला पाणी वरून ओतायचे, कोणाच्या ओंजळीला तांब्या टेकू द्यायचा नाही, हे पोरांना बोलता येण्याच्या आधी कळत असे. धर्मांतर होऊन पाच-सहा वर्षे लोटली होती. वस्तीची मान सरळ झाली होती, पण पाणी ओतणाऱ्याचा हात काही खाली आला नव्हता. पिंपरीलाही शेजारच्या खोलीतली बाई तिच्याशी गोड बोले आणि तिच्या घरी चहाला मात्र "आत्ताच झाला हो" म्हणे. त्याच बाईच्या फळीवर असाच पुडा होता, हे गोजाबाईने पाहिले होते. ज्या अन्नाला कोणाचाच हात नव्हता ते सगळ्यांच्या घरात शिरत होते. उंबऱ्यावर कोणी त्याला हटकत नव्हते. विहारात दिवा लावताना छातीत जे भरून येई, तसे काहीसे तिला त्या पुड्याकडे पाहून झाले. बिस्किटे संपल्यावर तिने तो कागद पुसून, सपाट करून ट्रंकेत ठेवला. त्यावरचे प्रत्येक अक्षर तिने वाचले होते.

वाचन हे तिचे माहेरचे देणे होते. चौथीपर्यंत शिकलेली ती वस्तीतली एकच मुलगी. संध्याकाळी कंदिलाभोवती म्हातारी माणसे जमत आणि गोजा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्या म्हाताऱ्यांना अक्षर येत नव्हते, पण कान तिखट होते. पोरगी कंटाळून एखादी ओळ गाळू लागली की कोणीतरी हात वर करी : "थांब. मधलं कुठं गेलं?" त्यामुळे तिला अशी सवय लागली की मजकूर महत्त्वाचा असो वा किरकोळ, ती सगळा एकाच आवाजात, एकाच गतीने वाची. पुढे त्या सवयीने जे घडवले ते त्या म्हाताऱ्यांना पाहायला मिळाले नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मोरवाडीच्या कामगारांनी सहकारी ग्राहक भांडार काढले. व्यवस्थापक म्हणून बबनराव हे एका गिरणीतले जुने कारकून आले. स्वभाव भिडस्त, कोणाला नाही म्हणणे त्यांच्या जिवावर येई. छोट्या-मोठ्या कारखानदारांचे बंद पाकिटातले पदार्थ तेव्हा दुकानांत भराभर येऊ लागले होते : मसाले, लोणची, पापड, मुलांसाठी दुधात कालवायची पिठे. चित्रे सुरेख आणि शब्द त्याहून सुरेख. आत काय निघेल ते मात्र नशिबावर. भांडाराच्या महिला समितीच्या प्रमुख सुमनताई महाडिक. त्या चिपळूणकडच्या, एका फोरमनच्या पत्नी, मॅट्रिक झालेल्या. त्यांनी ठराव मांडला की बायकांनी आधी पारखल्याशिवाय कोणतेही पाकीट मांडणीवर चढायचे नाही.

पारख गुरुवारी दुपारी होई, कारण त्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असे. बबनराव मागच्या खोलीत पाकिटे फोडत आणि पदार्थ साध्या स्टीलच्या वाट्यांत काढून आणत. वेष्टने वेगळी ठेवत. कोणत्या वाटीत कोणाचा माल, हे बायकांना कळत नसे. प्रत्येकीने घरून आपला चमचा आणायचा, चव घ्यायची, आणि मग तीन प्रश्नांना उत्तर द्यायचे. तोंडाला कसे? पोटाला कसे? आणि सांगितले आहे ते खरे का? तिसऱ्या प्रश्नासाठी वेष्टन मोठ्याने वाचावे लागे, आणि स्वच्छ वाचणारी म्हणून भिवाच्या बायकोचे नाव कोणीतरी सुचवले. इंग्रजी वेष्टन असेल तर बबनराव अर्थ सांगत आणि ती तो मराठीत म्हणे.

वाचणारीने चव घ्यायची नाही, असा एक नियम पहिल्याच गुरुवारी झाला. तो मांडला अंबुबाईंनी. अंबुबाई चिंचवड गावच्या, जुन्या शेतकरी घरातल्या, समितीत वयाने सर्वांत थोर. त्यांची जमीन कारखान्यात गेली होती, जीभ तेवढी शाबूत होती. "वाचनारीनं खाल्लं तर तिचं वाचन त्या बाजूला कलंल," त्या म्हणाल्या. कारण बिनतोड होते. त्याच्या मागे दुसरे कारण उभे होते, आणि तेही खोलीतल्या प्रत्येकीला दिसत होते. गोजाबाईलाही दिसले. ती भिंतीकडेला वेष्टने मांडीवर घेऊन बसली आणि वाचू लागली.

तिच्या वाचनाने त्या खोलीत जे होई, त्याची बायकांना हळूहळू भूल पडली. पाकिटावर मोठे अक्षर ओरडत असते आणि बारीक अक्षर कुजबुजत असते. विकणाऱ्याची सगळी कला या उंचसखलपणातच असते. गोजाबाई ते सगळे सपाट करून टाकी. "शुद्ध तुपातली खास बिस्किटं," ती वाची, आणि त्याच दमात, त्याच आवाजात : "घटक, मैदा, साखर, वनस्पती तूप, रंग." बायका एकमेकींकडे पाहत. एकाच कागदाने दोन तोंडांनी बोलावे आणि ते कोणाच्या ध्यानात येऊ नये, याची त्यांना भीतीच वाटे.

ती बिस्किटे सगळ्यांना आवडली होती. खुसखुशीत होती, लेकरांना शाळेत न्यायला सोयीची होती. बबनराव म्हणाले, "खाली लिहिलंय ना त्यांनी खरं? मग लपवलं काय?"

"पायाशी लिवलंय," अंबुबाई म्हणाल्या. "लगीन ठरवताना पोरगं एका डोळ्यानं आंधळं हाय ह्ये निवदाच्या पानाखाली लिवल्यागत. काढा भायेर."

बिस्किटे मांडणीवर गेली नाहीत. तेव्हापासून नियम पक्का झाला : चव कितीही चांगली असो, पोटाला कितीही मानवो, वेष्टन खोटे तर माल खाली.

गोजाबाईच्या घरी या काळात दुसरेच संकट आले. यंत्राखाली भिवाच्या उजव्या हाताची बोटे गेली. अंगठा आणि करंगळी उरली. कंपनीने त्याला फाटकावर बसवले, पण पगार घसरला, ओव्हरटाइम गेला. त्यांची मुलगी शीला तेव्हा शाळेत होती. सुमनताई भिवाला पाहायला आल्या, तेव्हा गोजाबाईने त्यांना सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवून दिले. भिजवून निथळलेले गहू, खरपूस भाजलेली हरभऱ्याची डाळ, नाचणी, सुंठ, वेलदोडा. तिच्या आईची रीत. सुमनताईंनी वाटी घेतली. गोजाबाई वाटीकडे पाहत नव्हती, त्यांच्या हाताकडे पाहत होती. हात अडखळला नाही.

"हे भांडारात ठेवू या," सुमनताई चाटून पुसून खाल्ल्यावर म्हणाल्या. "डब्यातल्या पावडरी घेण्यापेक्षा बायका हे घेतील. पोरांना बरं."

"घेतील?"

सुमनताईंनी वाटी खाली ठेवली. त्या खोटे बोलणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांना वेळ लागला. "गोजाबाई, राग मानू नका. पाकिटावर करणाराचं नाव घालायलाच हवं, आता तसा नियम आहे. तुमचं घातलं तर... सध्या माझं घालू. लोकांच्या तोंडी चव बसू दे. मग बदलू."

"समजलं ताई," गोजाबाई म्हणाली.

प्रमुखांच्याच नावाचा म्हणून 'सुमन सातू' पारखेविनाच मांडणीवर चढला, आणि चालला. दोन चाकांवरच्या संसाराचे एक चाक निखळले होते, ते या पिठाने पुन्हा बसवले. गोजाबाई आणि चाळीच्या दुसऱ्या टोकाची चिमाबाई पहाटे चूल पेटवत. चाकणच्या बाजारातून भिवा स्वतः धान्य निवडून आणी. आणि गोजाबाई भांडारात उभी राहून जे पाहायची ते तिला दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे वाटे : अनोळखी बाया येत, पाकीट उचलत, पिशवीत टाकत. तिने भाजलेले, तिने चाळलेले अन्न कोणत्या कोणत्या उंबऱ्यांच्या आत चालले होते! पूर्वी बिस्किटाच्या पुड्याकडे पाहून तिला जे वाटले होते, ते आता तिच्या हातून घडत होते. फक्त हात तेवढा पुसला गेला होता. सुमनताईंचे 'मग' वर्षे उलटली तरी आले नाही, आणि तिने ते मागितलेही नाही.

एकोणऐंशी साली दिवाळीनंतर समितीने मांडणीवरच्या जुन्या मालाची फेरपारख काढली. एकदा पास झालेला माल पुढे बिघडतो, म्हणून. गुरुवारी दुपारी बबनरावांनी मुलांच्या पिठांच्या वाट्या आणून ठेवल्या. त्यात मोठ्या कंपन्यांची पिठे होती आणि सातूही होता. गोजाबाईला आपली वाटी दुरूनच वासाने कळली. ती खाली पाहू लागली.

चमचे फिरले. एक वाटी नुसती गोड निघाली, एकीला डब्याचा वास होता. मग अंबुबाईंचा चमचा एका वाटीत गेला आणि पुन्हा गेला.

"मावशी, पारख करताय का जेवताय?" सुमनताई हसल्या.

"गप गं. ह्या वाटीवालीचा हात माज्या सुनंला लावा कुनीतरी. तोंड म्हनतंय खा, पोट म्हनतंय, बस म्हनू नगं."

सगळ्या हसल्या. तोंडाला उत्तम, पोटाला उत्तम. बबनरावांनी त्या वाटीचे वेष्टन गोजाबाईच्या हाती दिले.

"सुमन सातू," तिने वाचले. "शुद्ध आणि पौष्टिक. घटक, गहू, हरभऱ्याची डाळ, नाचणी, सुंठ, वेलदोडा. वजन अर्धा किलो." मग महिना आणि वर्ष. खाली एक ओळ उरली होती.

ती थांबली. ही ओळ न वाचता कागद खाली ठेवला असता तर कोणाच्या लक्षात आले नसते. ओळ वाचून प्रश्न विचारला असता आणि सगळ्यांनी सवयीने होकार भरला असता, तरी काही बिघडले नसते. घरी चूल पेटत राहिली असती, शीलाची शाळा चालू राहिली असती. तिच्या डोळ्यांपुढे भिवाचा हात आला. आणि त्याच्या मागे, कंदिलाच्या उजेडाच्या कडेला, वर गेलेला एका म्हाताऱ्याचा हात आला. मधलं कुठं गेलं?

"तयार करणार, सौभाग्यवती सुमन महाडिक, पिंपरी," तिने त्याच आवाजात वाचले. "सांगितलंय ते खरं का?"

"खरं!" बायका एका सुरात म्हणाल्या. सुमनताई समोरच तर बसल्या होत्या.

"न्हाई," गोजाबाई म्हणाली.

"काय न्हाई?" अंबुबाईंनी विचारले. "गहू न्हाई का डाळ न्हाई?"

"गहू हाय, डाळ हाय, समदं हाय. बाई दुसरी हाय."

"कोन?"

"मी."

सुमनताईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान वर केली. "खरं आहे. नाव माझं, हात त्यांचा. पहिल्यापासून."

अंबुबाई हातातल्या चमच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी तो पुसला नाही, पिशवीतही टाकला नाही. वाटीशेजारी ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि बाहेर गेल्या. दोघी-तिघी पदर सावरत त्यांच्या मागे गेल्या.

"अहो, बिस्किटांची गोष्ट निराळी होती," बबनराव पुटपुटले. "इथे तर घटक सगळे..."

"ते बी बारीक अक्षर हुतं, बबनराव. ह्ये बी बारीकच हाय. मांडणीवरनं काढा."

आणि तिने वेष्टन त्यांच्या हातात दिले. त्या दिवशी तिथे बसून राहिलेल्या बायका पुढे कितीतरी दिवस याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. बाईने स्वतःच्या पोटावर पाय दिला, असे कोणी म्हणे. पण ते शब्द पुरे पडत नाहीत हे म्हणणारीलाही कळे. ज्या समितीने तिला भिंतीकडेला बसवले होते, तिचा नियम तिने मोडला नव्हता. पाळला होता, आणि इतका पुरा पाळला होता की बाकीच्यांना आपण अर्धाच पाळत आलो हे दिसले.

भिवा घरी संतापला. "खुळी का काय तू? चार घास सुखानं पडत हुते!"

"त्या बिस्किटवाल्याला आमी खाली काढला," ती म्हणाली. "त्यो लांबचा हुता म्हनून काढला का?"

समितीने ठरवले की खरे नाव घालून माल परत आणता येईल. सुमनताईंनी अडखळत सुचवले, नुसते 'गोजाबाई' घालू, आडनाव कशाला. गोजाबाईने मान हलवली. "निम्मं कशाला, ताई? त्यापरीस न्हाई घातलं तर बरं." नव्या चिठ्ठ्या छापून आल्या : तयार करणार, गोजाबाई भिवा ओव्हाळ, खराळवाडी, पिंपरी. संध्याकाळी ती चिठ्ठ्या डकवायला बसली तेव्हा भिवा तिच्यासमोर येऊन टेकला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत त्याने एक चिठ्ठी धरली, बराच वेळ पाहिली.

"खळ पातळ झालीया," तो म्हणाला आणि डकवू लागला.

माल मांडणीवर गेला आणि तिथेच राहिला. बायका पाकीट उचलत, वाचत आणि परत ठेवत. चिमाबाईला दुसरे काम धरावे लागले. शीलाची पुढच्या वर्षीची शाळा हा घरात न बोलण्याचा विषय झाला. गोजाबाई गुरुवारी येई, भिंतीकडेला बसून वाची. अंबुबाई येईनाशा झाल्या होत्या.

मग थोडा माल खपू लागला. गोजाबाईला आनंद झाला, तो तिने एकदा स्वतः पाहीपर्यंत टिकला. बबनराव गिऱ्हाईक बाईला हळूच म्हणत, "थांबा, कागदात देतो," आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून देत. त्यांचा हेतू चांगला होता. तिचे पीठ खपावे म्हणूनच ते करत होते. नाव खरे होते आणि झाकलेले होते. यावर कोणता नियम लावायचा, हे तिला कळेना.

हिवाळा सरताना एका सकाळी ती नवी पाकिटे घेऊन भांडारात आली, तेव्हा अंबुबाई गल्ल्यापाशी उभ्या होत्या.

"सातू द्या," त्या बबनरावांना म्हणाल्या. गोजाबाईकडे त्यांनी पाहिले नाही.

बबनरावांनी पाकीट काढले आणि सवयीने वर्तमानपत्र ओढले.

"कागद कशापायी?"

"नाही, म्हटलं रस्त्यानं..."

"म्या काय दारूची बाटली नेतीया व्हय? ठिवा त्यो कागद."

दुकानातल्या बाया वळल्या. अंबुबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ धरले. त्यांना वाचता येत नव्हते. "तुजं नाव कुठशी हाय गं?" त्यांनी विचारले. आता त्या गोजाबाईकडे पाहत होत्या. गोजाबाईने जवळ जाऊन ओळीवर बोट ठेवले.

"लई बारीक लिवलंय."

"व्हय, मावशी."

"घरात लई झगडा झाला," अंबुबाई म्हणाल्या. "माजा माज्याशीच. त्या दिसापास्नं दुसरं कायबी तोंडाला लागंना. सून म्हनती, आनायचं तर आना, पर फळीवर येगळं ठिवा. म्हनलं ठिव बाई येगळं, पर संपू दिऊ नगं." त्यांनी पैसे दिले, पदर डोक्यावर ओढला, दाराशी गेल्या आणि तिथून वळल्या. "आन् गुरवारी म्या येनार हाय. वाचनारीनं खायचं न्हाई ह्यो कायदा म्याच काढला व्हता न्हवं? त्यो मागं घेतला. घरनं चमचा आन."

त्या उतरून चिंचवडच्या रस्त्याला लागल्या. कंपन्यांच्या बसगाड्या सुटायची वेळ होती. रस्ता माणसांनी भरला होता. अंबुबाईंच्या काखेला पिशवी होती, पण पाकीट त्यांनी पिशवीत टाकले नाही. पोटाशी धरून, चिठ्ठीची बाजू बाहेर ठेवून त्या सावकाश चालत गेल्या. गोजाबाई दुकानाच्या पायरीवर उभी होती. इतक्या लांबून अक्षर दिसणे शक्य नव्हते. तरी ती नजरेने ते वाचत राहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.